मागच्या तारखेचा कारभार

27 मार्च 1962 रोजी राष्ट्रपतींनी गोव्यासंबंधीच्या दोन विधेयकांना संमती दिली. एक होते राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीचे. दुसऱ्याचा झाला गोवा, दमण आणि दीव (प्रशासन) कायदा, म्हणजे 1962 सालचा पहिलाच कायदा. घटनादुरुस्तीच्या पहिल्याच कलमात असे लिहिले आहे की ती 20 डिसेंबर 1961 पासून अमलात आली असे समजावे. म्हणजे सही मार्चची आणि अंमल डिसेंबरचा. या मधल्या 97 दिवसांत गोव्यात जे झाले ते कुणाच्या हुकमाने आणि कोणत्या कायद्याने, हा प्रश्न ही तारीख वाचल्याबरोबर उभा राहतो.

हुकूम कुणाचा, याचे उत्तर सोपे आहे. मेजर जनरल कुन्हीरामन पालट कँडेथ यांचा. 17 व्या पायदळ डिव्हिजनचे हे प्रमुख बेळगावला तळ देऊन बसले होते. 19 डिसेंबर 1961 रोजी ते गोव्याचे लष्करी गव्हर्नर झाले आणि 6 जून 1962 पर्यंत त्या पदावर राहिले. 7 जूनला टी. शिवशंकर हे नायब राज्यपाल म्हणून आले. एकूण दिवस 170. 'कोणत्या कायद्याने' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका जागी सापडत नाही. राजपत्र, संसदेच्या कामकाजाच्या तारखा, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आणि खुद्द गोव्याला लागू झालेले कायदे असे सगळे शेजारी शेजारी मांडल्यावर ते हळूहळू जुळत जाते.

आमच्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात गोवामुक्तीची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, पण ती 18 आणि 19 डिसेंबरच्या छत्तीस तासांची. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने 1974 साली प्रसिद्ध केलेला पी. एन. खेरा यांचा 'ऑपरेशन विजय' हा अधिकृत इतिहासही मुख्यतः मोहिमेचाच आहे. कँडेथ यांनी स्वतः पुढे पुस्तक लिहिले ते 1971 च्या पश्चिम आघाडीवर, गोव्यावर नव्हे. त्यामुळे छत्तीस तासांचा इतिहास भरपूर आणि नंतरच्या साडेपाच महिन्यांचा तुटपुंजा, अशी विषम स्थिती झाली. लष्कराने मुलकी कारभार चालवला, म्हणजे लोकशाहीत सर्वांत जपून हाताळायची गोष्ट घडली, ती याच तुटपुंज्या भागात.

बेळगावपासून सुरुवात करणे योग्य, कारण मोहीम तिथूनच सुटली. 1955 च्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सीमा बंद झाली, लोंढ्याहून मुरगावला जाणारी आगगाडी थांबली आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली. पुढच्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात, तीही त्याच राज्यात. डिसेंबर 1961 मध्ये दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखाली 17 वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची 50 वी पॅराशूट ब्रिगेड या भागात जमली. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. बेळगाव ज्या रेजिमेंटचे माहेर, त्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण दमणला लढली. 19 तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. त्याला सात मते मिळाली, चार विरोधात गेली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला.

20 तारखेच्या सकाळी कँडेथ यांच्यापुढे कामांचा डोंगर होता. माघार घेताना पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, त्यामुळे नद्यांनी तुकडे पडलेल्या त्या मुलखात एका काठाचा माल दुसऱ्या काठाला नेणे अवघड झाले होते. तीन हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचे, खाऊ घालायचे, शेवटी परत पाठवायचे होते. ते मे 1962 मध्ये गेले. नाणे एस्कुदोचे, ते बदलून रुपया आणायचा होता. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे गोमंतकीयांनी गहाण ठेवलेले दागिने तर आधीच बोटीने लिस्बनला गेले होते, ते परत यायला 1991 साल उजाडले. न्यायालये पोर्तुगीज कायद्याने चालत होती, कारकुनी पोर्तुगीज भाषेत होती, जकातीचे दर पोर्तुगीज होते. हे सगळे एकाच वेळी बंद पाडता येत नव्हते आणि जसेच्या तसे ठेवताही येत नव्हते. अशा वेळी पूल बांधायला, रसद पोचवायला, बंदोबस्त ठेवायला हाताशी शिस्तीचे मनुष्यबळ असते ते लष्कराकडेच. त्या पहिल्या आठवड्यांत लष्कर नसते तर गोव्याचे हाल झाले असते, हे मी निःशंकपणे म्हणतो.

पण मनुष्यबळ वेगळे आणि अधिकार वेगळा. कँडेथ यांचा अधिकार कुठून आला?

राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारताच्या प्रदेशात काय काय मोडते ते सांगितले आहे. त्यात तिसऱ्या पोटकलमाखाली 'संपादन केले जातील असे इतर प्रदेश' अशी सोय आहे. बेरुबारी प्रकरणी 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मताचा आशय असा की परका प्रदेश भारताने मिळवला की तो या सोयीनुसार भारताचा होतो, त्यासाठी आधी संसदेचा कायदा लागत नाही. तेव्हा गोवा 20 डिसेंबरला भारताचा झाला, यात घटनेच्या बाजूने अडचण नाही. अडचण पुढची आहे. प्रदेश भारताचा झाला, पण तो कुणी आणि कशा रीतीने चालवायचा, याचा एकही कायदा त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. पहिला वटहुकूम निघाला तो 5 मार्च 1962 रोजी. 20 डिसेंबर ते 4 मार्च, म्हणजे 75 दिवस, गोव्याच्या कारभाराला संसदेचा कायदाही नव्हता आणि राष्ट्रपतींचा वटहुकूमही नव्हता.

शेजारीच दुसरे उदाहरण ताजे होते. दादरा आणि नगर हवेली 1954 साली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यानंतर सात वर्षे तिथे स्थानिकांची वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ऑगस्ट 1961 मध्ये विलीनीकरण करताना के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला औटघटकेचा पंतप्रधान करून त्याच्या सहीने करार झाला आणि दहावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिथे आधी कागद आणि मग प्रदेश असा क्रम होता. चारच महिन्यांनी गोव्यात क्रम उलटला. सशस्त्र मोहिमेत तो उलटणारच. मला खटकते ती पुढची दिरंगाई.

लोकसभेचे हिवाळी अधिवेशन सैन्य गोव्यात शिरण्याआधीच संपले होते. फेब्रुवारीत तिसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्यात उत्तर मुंबईची लढत देशभर गाजली. एका बाजूला संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. एप्रिल 1961 मध्ये लोकसभेत मेनन यांच्या संरक्षणखात्याच्या कारभारावर सर्वांत कडक टीका केली होती ती कृपलानींनीच. गोव्याच्या विजयाची हवा मेनन यांच्या बाजूने होती आणि कृपलानी मोठ्या फरकाने पडले. यानंतर मार्च महिन्याचे तारखांचे कोष्टक पाहावे. 5 मार्चला वटहुकूम. 12 मार्चला जुन्या, म्हणजे दुसऱ्या लोकसभेचे शेवटचे अधिवेशन सुरू. 14 मार्चला लोकसभेत बारावी घटनादुरुस्ती मंजूर. 20 मार्चला राज्यसभेत. 27 मार्चला राष्ट्रपतींची संमती. 28 मार्चला गोव्याच्या लोकांच्या नागरिकत्वाचा आदेश. 31 मार्चला लोकसभा विसर्जित.

म्हणजे गोव्याचा कारभार कायद्याच्या चौकटीत बसवला तो मुदत संपत आलेल्या सभागृहाने. तिथे बसलेल्या सदस्यांचे मतदारसंघ त्याआधीच नवा कौल देऊन मोकळे झाले होते. फेब्रुवारीत हरलेले कृपलानी त्या सभागृहाचे अजून सदस्य होते. त्यात बेळगावचे प्रतिनिधी बळवंत नागेश दातार होते, ते गृहखात्याचे राज्यमंत्री. चिकोडीहून 1957 साली निवडून आलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे द. अ. कट्टी होते. राजापूरचे नाथ पै होते, त्यांच्या मतदारसंघाला गोव्याची सीमा लागून होती आणि बेळगाव तर त्यांचे शिक्षणाचे गाव. गोव्याच्या आसपासची माणसे सभागृहात होती, पण खुद्द गोव्याचे एकही नव्हते. गोव्याला लोकसभेत दोन जागा देण्याची तरतूद प्रशासन कायद्यानेच केली आणि त्यावर पहिल्यांदा नियुक्तीने माणसे गेली. डॉ. पुंडलिक गायतोंडे त्यांतले एक. निवडून आलेले खासदार, पीटर आल्वारिस आणि मुकुंद शिंक्रे, डिसेंबर 1963 च्या निवडणुकीनंतर दिल्लीला पोचले.

आता खुद्द प्रशासन कायदा. तो छोटा आहे. जुने अधिकारी आपापल्या जागी काम करत राहतील, जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील, जुने कर तसेच वसूल होतील, भारतातले कायदे केंद्र सरकार अधिसूचनेने गोव्याला लागू करू शकेल, अशी त्याची रचना. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात आजही बऱ्याच अंशी टिकून आहे, तिचे मूळ याच तरतुदीत. माझे लक्ष मात्र शेवटाकडच्या एका कलमावर अडते. त्याचा मथितार्थ असा आहे: 20 डिसेंबर 1961 पासून हा कायदा लागू होईपर्यंत प्रशासकाने किंवा कोणत्याही मुलकी अथवा लष्करी अधिकाऱ्याने, किंवा त्यांच्या हुकमाने दुसऱ्या कुणी, गोव्यात जे जे केले, ते सद्हेतूने आणि प्रदेशाच्या शांतता व सुशासनासाठी आवश्यक आहे अशा वाजवी समजुतीने केले असेल, तर ते सर्व कायद्यानुसारच केले होते असे मानले जाईल. आणि त्याबद्दल संबंधितांवर दावा किंवा खटला चालणार नाही.

हे कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. त्याच्या कक्षेत हुकूम येतात, कार्यवाह्या येतात, दिलेल्या शिक्षाही येतात. 'मुलकी अथवा लष्करी' हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कसोट्या दोनच, सद्हेतू आणि वाजवी समजूत, आणि त्या दोन्ही करणाऱ्याच्या मनाशी निगडित. काय काय केले याची यादी कलमाला जोडलेली नाही. किती हुकूम निघाले, किती जणांना अटक झाली, कुणाची मालमत्ता ताब्यात घेतली, किती खर्च झाला, यांतले काहीही सभागृहापुढे ठेवण्याची अट त्यात नाही. संसदेने अडीच महिन्यांचा लष्करी मुलकी कारभार एका वाक्यात उचलून पदरात घेतला.

अशी संरक्षक कलमे लष्करी कायदा उठल्यानंतर करण्याची रीत जुनी आहे, ब्रिटिशांच्या काळापासूनची. आपल्या घटनेतही चौतिसावा अनुच्छेद तिला वाव देतो. कलम केले यात मला गैर दिसत नाही. भर नदीत पूल बांधणाऱ्या सुभेदाराला दहा वर्षांनी कुणी तरी झाडे तोडल्याबद्दल कोर्टात खेचावे, असे कुणालाच वाटणार नाही. गैर आहे ते हिशेबाशिवाय माफी देण्यात. आणि हे मी कँडेथ यांच्यावर ठपका ठेवून म्हणत नाही. त्यांनी साडेपाच महिन्यांत कारभार मुलकी हातात दिला, पुढे 1971 च्या युद्धात पश्चिम विभाग सांभाळला. माझे म्हणणे संसदेच्या जबाबदारीबद्दल आहे. अधिकारी सज्जन निघाला हे आपले भाग्य. ते तपासून पाहणे हे सभागृहाचे काम होते.

ही भीती कल्पनेतली नव्हती. तेरा वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1948 मध्ये, हैदराबाद संस्थानातही पोलिस कारवाईनंतर लष्करी गव्हर्नर नेमला होता. 1949 च्या अखेरपर्यंत तो कारभार चालला. ते गव्हर्नर म्हणजे 1961 साली दक्षिण विभागाचे प्रमुख असलेले तेच जयंतनाथ चौधुरी. मराठवाडा त्या संस्थानाचाच भाग. तिथल्या हिंसाचाराची पाहणी करायला सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले, आणि त्यांचा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. गोव्याची तुलना मी हैदराबादशी करत नाही, दोन्हीकडची परिस्थिती अगदी वेगळी होती. पण लष्करी कारभाराचा लेखाजोखा वेळेवर सभागृहापुढे आला नाही तर पुढच्या पिढ्यांच्या हाती काय उरते, हे दिल्लीला 1962 मध्ये ठाऊक असायला हवे होते.

संसदेने न केलेली तपासणी मग न्यायालयांत तुकड्यातुकड्याने झाली, ज्याचे अडले त्याच्या अर्जावरून. पेमा छिबार विरुद्ध भारत सरकार या 1966 च्या निवाडेसंग्रहातल्या खटल्यात विषय आयात परवान्यांचा होता. पोर्तुगीज सरकारने शेवटच्या दिवसांत दिलेले परवाने एका व्यापाऱ्याकडे होते. त्यांतले कोणते पाळायचे, हे लष्करी गव्हर्नरच्या जाहीरनाम्याने अटी घालून ठरवले होते. न्यायालयाने सांगितले की नव्या सत्तेने स्वतः मान्य केलेले हक्कच तिच्यावर बंधनकारक असतात, जुने कायदे चालू ठेवले म्हणजे जुने हक्क आपोआप मान्य होत नाहीत. निकाल व्यापाऱ्याविरुद्ध गेला. पण या खटल्यामुळे लष्करी गव्हर्नरच्या एका जाहीरनाम्याचा मजकूर कायमचा छापील नोंदीत आला. कायद्याच्या विद्यार्थ्याला निकाल महत्त्वाचा, मला ही नोंद.

1969 सालच्या मॉन्तेरो निवाड्यात प्रश्न याहून मूलभूत होता. पोर्तुगीज नागरिकत्व राखलेल्या एका धर्मगुरूने असा बचाव घेतला की गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा करारांचे संरक्षण आपल्याला मिळावे. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो फेटाळला. लढाई थोड्या तासांची होती, 20 डिसेंबरला प्रदेश भारतात सामील झाला आणि व्याप्ती तिथेच संपली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भारताच्या बाजूने हा निकाल निर्णायक ठरला. त्यातून निघणारी दुसरी गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही. व्याप्ती 20 डिसेंबरला संपली असेल, तर त्या दिवसापासून कँडेथ हे शत्रूच्या मुलखातले सेनापती राहिले नाहीत. ते भारताच्याच प्रदेशाचे, भारताच्याच संसदेला उत्तरदायी असलेले प्रशासक झाले. एक चालू नोकरीतला मेजर जनरल साडेपाच महिने भारतीय नागरिकांचा मुलकी प्रमुख होता, असाच त्या निवाड्याचा अर्थ मी लावतो. आणि म्हणून त्यातला कायद्याआधीचा काळ संरक्षक कलमाच्या एका वाक्यात मिटवण्याजोगा नव्हता.

खाणींचे प्रकरण आणखी लांबले. पोर्तुगिजांनी दिलेल्या खनिज हक्कांचे काय, हा वाद 1981 साली गोसालिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि जुन्या हक्काला नव्या सत्तेची मान्यता लागते हेच सूत्र पुन्हा सांगितले गेले. मे 1987 मध्ये, गोवा घटक राज्य होण्याच्या आठवडाभर आधी, संसदेने जुन्या खाण सवलती रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा केला. तोही पंचवीस वर्षे मागच्या तारखेने. लोहखनिजावर सगळे अर्थकारण उभे असलेल्या प्रदेशात हा प्रश्न पहिल्या वर्षातच सभागृहात सविस्तर चर्चेला यायला हवा होता. त्याच्या दिरंगाईची किंमत गोव्याने मोजली.

1962 साली संसदेकडे साधने काय होती, हेही न्यायाने पाहायला हवे. लोकलेखा समिती होती, पण ती खर्च झाल्यानंतर महालेखापालांच्या अहवालावर काम करते. अंदाज समिती होती. संरक्षणखात्यासाठी वेगळी स्थायी समिती नव्हती, ती आली 1993 मध्ये, विभागवार समित्यांच्या पद्धतीबरोबर. शिवाय गोव्याचा लष्करी कारभार तीन खात्यांच्या मध्ये पडत होता. सैन्य संरक्षणखात्याचे, विलीनीकरणाचा विषय परराष्ट्र खात्याचा, नागरिकत्व आणि अंतर्गत व्यवस्था गृहखात्याची. प्रश्न कुठल्या मंत्र्याला विचारायचा, इथूनच सुरुवात.

स्थायी समिती आल्यावर ही फट बुजली का? माझ्या मते अर्धवट. समिती संरक्षणखात्याच्या अनुदानाच्या मागण्या दरवर्षी तपासते, खरेदी, भरती, निवृत्तिवेतन यांवर तिचे अहवाल येतात. पण लष्कर मुलकी प्रशासनाच्या मदतीला जाते ते बहुधा 1970 सालच्या सूचनांनुसार, मुलकी अधिकाऱ्याच्या मागणीपत्रावर. पूर, भूकंप, अत्यावश्यक सेवा ठप्प होणे, दंगल, या सगळ्यांसाठी तीच वाट. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले, निपाणीची वाहतूक तुटली, आणि बेळगाव जिल्ह्यात लष्कराच्या तुकड्या लोकांना बाहेर काढायला उतरल्या. जुलै 2021 मध्ये महामार्ग तिथेच पुन्हा पाण्याखाली गेला. अशा मदतीचा उल्लेख संरक्षण मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मुलकी प्रशासनाला साहाय्य या सदराखाली काही ओळींत येतो. खर्चाचा वाद निघाला की तो राज्य आणि केंद्र यांच्या पत्रव्यवहारात जातो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने केरळकडे 2006 पासूनच्या हवाई मदतीपोटी 132 कोटी 62 लाख रुपये मागितले, त्यात त्याच वर्षीच्या वायनाडच्या दरडीतील मदतही होती. ते प्रकरणही उच्च न्यायालयाच्या पुढ्यात गेले.

तेव्हा निपाणीच्या पुराचा साधार इतिहास ज्याला कुणाला लिहायचा असेल, त्याने दिल्लीतल्या ग्रंथालयाआधी बेळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीत जावे आणि मागणीपत्रांच्या नकला मागाव्यात. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाच्या सहीने, किती जवान आणि किती बोटी मागितल्या, ते परत कधी गेले आणि बिल कुणाच्या नावे निघाले, एवढे त्यांत असायला हवे. गोव्याच्या पहिल्या 75 दिवसांच्या अशा नकला कुणी वेळेवर मागितल्या असत्या, तर या लेखातला बराचसा भाग मला न्यायालयाच्या निवाड्यांतून वेचून काढावा लागला नसता.